पेढे वाटून झालेलं विद्यापीठ

माझ्या भावाने पेढे वाटले तेव्हा त्याच्या मुलीला अ‍ॅडमिशन मिळालेलीच नव्हती. 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण भट प्रत्यक्ष पाहिला तो २००५ सालच्या मार्चमध्ये, लंडनच्या हॅरोत, केंटन रोडवरच्या मिठाईवाल्याचे खोके दोन्ही हातांत धरून माझ्या दारात उभा असलेला.

"ताई, तोंड उघड. ईशिताला लंडनला लॉ मिळालं!"

लंडनच्या एका विद्यापीठाची ऑफर आली होती, हे खरं. पण इथे ऑफर म्हणजे नुसतं 'या हं'. उन्हाळ्यात ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, ते मागतील तसे ग्रेड पडले तरच जागा. शिवाय मुलांनी सहा ठिकाणी अर्ज केलेले असतात. सगळीकडची उत्तरं आली की मेच्या सुरुवातीला त्यातलं एक पक्कं करून कळवायचं, दुसरं राखीव ठेवायचं. माझ्या या भावाने, उदयने, पत्रातलं 'वुई आर प्लीज्ड' एवढंच वाचलं आणि गाडी बाहेर काढली. आमच्यात एकदा पेढे वाटले की गोष्ट झाली. संध्याकाळपर्यंत इथल्या मराठी मंडळातल्या घराघरात 'उदयची मुलगी बॅरिस्टर होणार' ही बातमी पोचलीसुद्धा.

मी पेढा खाल्ला. चांगला होता. ईशिता मात्र मागे गाडीला टेकून उभी होती आणि स्वतःच्या वाटणीचा पेढा टिश्यूत गुंडाळत होती.

आता माझा स्वभाव सांगते. मी फार्मसिस्ट. दिवसभर काउंटरवर उभं राहून 'काय होतंय? केव्हापासून? आणखी काय घेता?' असं विचारायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. ही सवय दुकानाचं शटर ओढलं म्हणून थांबत नाही. माझी भावजय मधुमती मला तोंडावर 'सीआयडी' म्हणते. म्हणू दे बापडी. आपल्याच आनंदाचा पेढा न खाणारी पोर दिसली की मला चैन पडत नाही, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ईशिताला घरी बोलावलं, समोर बसवलं, आणि सरळ विचारलं.

"आणखी कुठली ऑफर आलीय?"

"आत्या, तुला कोणी सांगितला?"

"कोणी नाही. विचारतेय."

"लीड्स. पॉलिटिक्सचा. चार वर्षांचा कोर्स आहे, त्यातला एक वर्ष वेस्टमिन्स्टरला, पार्लमेंटमध्ये, एमपीच्या ऑफिसमध्ये इंटर्नशिप. रिअल काम असतं, आत्या. लोकांचे लेटर्स येतात ना, त्यांचे प्रॉब्लेम्स, ते वाचायचे, रिसर्च करायचा."

कालपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर तजेला आलेला दिसला.

"आणि वकिली?"

"ती पण पाहिजे. नंतर. पण बाबा बोलतात, वकील व्हायचा तर लॉच घ्यायला पाहिजे, नाहीतर दरवाजा बंद. आणि आता तर पेढे वाटून झाले."

"मग तू काय करणार?"

"बाबा नाही बोलले तर लॉ घेणार," ती म्हणाली. "फाइट करून मला नाही जायचं. मला बाबांचा येस पाहिजे, आत्या. खरा येस. तुझ्या प्रेशरचा नाही."

मला राग आला. कोणाचा, ते काही ठरवता येईना. तिचा म्हणावा तर ती शहाण्यासारखं बोलत होती, आणि उदयचा म्हणावा तर त्याने प्रेमापोटीच घोळ घातला होता. पण एक गोष्ट तपासता येण्यासारखी होती: दरवाजा खरंच बंद होतो का? आणि तपासता येणारी गोष्ट न तपासता सोडून द्यायची म्हणजे मला अंगाला खाज सुटल्यासारखं होतं.

एजवेअरला मनाशे अंकल राहतात. माझ्याकडचे जुने गिऱ्हाईक, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचे. आपल्या मुंबईचे मराठी ज्यू, भायखळ्याला वाढलेले. तरुणपणी इथे आले, सॉलिसिटर झाले, हाय स्ट्रीटवर, म्हणजे तिथल्या बाजारपेठेत, आपली छोटी फर्म चालवली, आता निवृत्त आहेत. मुलं त्यांच्याशी इंग्रजीत बोलतात, नातवंडांना मराठी कळतच नाही, त्यामुळे मी गेले की ते मला चहावर चहा पाजतात आणि उठू देत नाहीत. ईशिताला घेऊन मी त्यांच्याकडे थडकले.

"दार बंद?" अंकल हसायलाच लागले. "अगं, मी स्वतः हिस्ट्रीचा पदवीधर. आता तर रस्ता अगदी बांधून दिलाय. डिग्री कशाचीही घ्या, मग एक वर्षाचा कायद्याचा कन्व्हर्जन कोर्स, मग एक वर्ष प्रॅक्टिसचा कोर्स, मग फर्ममध्ये उमेदवारी. मोठमोठ्या फर्म्स इतिहासवाली, पॉलिटिक्सवाली पोरं हौसेने घेतात. लिहिता येतं, वाद घालता येतो."

"म्हणजे काही फरकच नाही?" मी विचारलं.

"असं मी कुठे म्हटलं? वर्ष जास्त जातं. उन्हाळ्यात या फर्म्स पोरांना दोन-तीन आठवडे बोलावतात, काम देऊन पारखतात. त्यात लॉवाल्यांचा नंबर आधी लागतो, हिचा एक वर्ष मागून लागेल. आणि ए-लेव्हलचे ग्रेड ते शेवटपर्यंत विचारत राहतात, तेव्हा आत्ता अभ्यास कर." मग त्यांनी कप बाजूला ठेवला आणि ईशिताकडे वळले. "ते सगळं होईल. मला एक सांग पोरी. तुला काय व्हायचंय ते राहू दे. तुला जाणून काय घ्यायचंय?"

ईशिताने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं.

"इट्स कॉम्प्लिकेटेड, अंकल."

परतीच्या वाटेवर गाडीत मी तोच प्रश्न तीन प्रकारांनी विचारून पाहिला. गिऱ्हाइकाला बोलतं करायच्या माझ्या सगळ्या युक्त्या वाया गेल्या.

मिळालेली माहिती मी त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर उदयसमोर मांडली. त्याने नीट ऐकून घेतलं. ऐकून घ्यायला तो चांगला आहे.

"ताई, पण सरळ मोटरवे असताना गावातून वळसे घालत कोण जातं?" उदय रोज एम-फोरने रीडिंगला ऑफिसात जातो, त्यामुळे त्याला सगळं जग मोटरवे आणि एक्झिट याच हिशेबात दिसतं. "आणि पॉलिटिक्स! इथल्या पॉलिटिक्सशी आपला काय संबंध? आपण पाहुणे. पाहुण्याने यजमानांच्या घरातल्या भांडणात पडू नये."

हे त्याचं जुनं पालुपद. मी केव्हाच ब्रिटिश पासपोर्ट घेतला. ईशिता इथेच जन्मली, ती ब्रिटिश. उदय आणि मधुमतीने मात्र भारताचाच ठेवलाय. 'पासपोर्ट म्हणजे काय चप्पल आहे, झिजली की बदलायला?' असं तो मला दरवर्षी एकदा तरी ऐकवतो. मी मनावर घेत नाही. पण त्या दिवशी 'पाहुणे' हा शब्द ऐकताच ईशिता जेवण अर्धवट टाकून वर निघून गेली, आणि ते मी पाहिलं.

मधुमतीनेही पाहिलं असावं. "निदान बघून तर या," ती म्हणाली. "घ्यायची नसली तरी साडी आपण उलगडून बघतोच ना?"

एप्रिलमध्ये लीड्सला ऑफर मिळालेल्या मुलांना आणि पालकांना बोलावलं होतं. मधुमतीची हॉस्पिटलात ड्यूटी होती, म्हणून किंग्ज क्रॉसहून ट्रेनने आम्ही तिघं निघालो. उदयने जाताना टाय बांधला. न आवडलेल्या स्थळाकडे गेलं तरी नीटनेटकं जावं, असा त्याचा बाणा.

आम्हाला विभाग दाखवायला शेवटच्या वर्षाची एक उंच मुलगी होती. उदयने तिची चांगली उलटतपासणी घेतली. इंटर्नशिपला खरंच काम देतात, की चहा आणायला लावतात? लॉ फर्म्स इथे मुलं घ्यायला येतात का? मुलगी हसत हसत सांगत होती: पार्लमेंटमधल्या तिच्या वर्षात तुंबलेल्या गटारांपासून अडकलेल्या व्हिसांपर्यंत शेकडो पत्रं तिने वाचली, आणि आता ती स्वतः लॉ फर्म्सकडे अर्ज करतेय, तर मुलाखतीला सगळे त्या वर्षाबद्दलच विचारतात. "इंटरेस्टिंग," उदय म्हणाला. माझ्या भावाच्या तोंडी हा शब्द म्हणजे निम्मी लढाई. मी ईशिताला कोपराने ढोसलं.

मग नमुन्याचा एक तास होता, पालकांनीही बसायचा. शिकवणाऱ्या बाई साध्या, कार्डिगन घातलेल्या, आवाज खणखणीत. देशाची निवडणूक तीन आठवड्यांवर आलेली. त्यांनी विचारलं, मत कोण देणार? हात वर झाले. माझाही झाला. कोण देणार नाही? थोडे हात. त्यातला एकजण म्हणाला, सगळे पक्ष सारखेच. दुसऱ्याला वेळ नव्हता. उदयचा हात दोन्ही वेळेला खालीच होता, आणि बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"आणि तुम्ही, सर?"

"मला देता येत नाही," उदय अदबीने म्हणाला. "मी भारतीय नागरिक आहे."

"राहता कुठे?"

"लंडनला. वीसेक वर्षं झाली."

"मग तुम्हाला देता येतं," बाई म्हणाल्या. "कॉमनवेल्थमधल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याला मताचा हक्क आहे. तुम्हाला तो इथे राहायला आल्यापासून होता."

उदय हसला. अडचणीत सापडला की तो असाच हसतो. "आर यू शुअर?" त्याने विचारलं. त्या अगदी शुअर होत्या. या खेपेची नावनोंदणी मात्र मार्चमध्येच संपली होती, तेव्हा आता पुढच्या वेळी. मी तर चाटच पडले. मला मत मिळालं ते पासपोर्टमुळे, अशी माझीही पक्की समजूत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे सबंध मंडळाच्या काखेत कळसे होते.

मी ईशिताकडे पाहिलं. तिला नवल वाटलेलं नव्हतं. ती मान खाली घालून बाकाकडे पाहत होती.

परतीच्या गाडीत डोंकास्टर मागे पडलं तेव्हा उदयने टाय सैल केला. मग म्हणाला, "ईशू, तुला माहीत होतं?"

"हो, बाबा. लास्ट इयर क्लासमध्ये शिकवला होता. मी तुम्हाला सांगितली पण होती, डिनरला. तुम्ही बोललात, असा काही नसतं, आपण पाहुणे."

उदयला ते आठवत नव्हतं. आठवत नाही हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि त्याचंच त्याला जास्त लागलं.

"बाबा, मी लहान होती ना, प्रायमरीत, तेव्हा एक लेडी आली होती दारावर व्होट मागायला, कोटाला पार्टीचा रिबनचा फूल लावलेली. तुम्ही तिला इतक्या पोलाइटली बोललात, 'वुई आर इंडियन, वुई डोन्ट हॅव द व्होट.' ती 'ओ, ओके' बोलली आणि नेक्स्ट डोअरला गेली. तिचा तर कामच होता तो! तिला माहीत नव्हता, की माहीत असून नाही बोलली? मला ते तेव्हापासून... लॉ मला सांगणार की तुमचा राइट होता. ते एक लाइन आहे बुकमध्ये. पण राइट असून माणूस ट्वेंटी इयर्स वापरत नाही, त्याला कोणीच सांगत नाही, आणि तो स्वतःला पाहुणा समजतो. असा कसा होतं, बाबा? मला हे शिकायचंय. मग त्या लोकांसाठी लॉ. पण आधी हे."

मनाशे अंकलनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. आणि ते बापाच्या पाठीमागे, माझ्यापुढे का देता येत नव्हतं, तेही कळलं. पोरीचा अभिमान वाटला आणि भावाची दयाही आली, दोन्ही एकदमच.

उदय उठून चहा आणायला गेला. बऱ्याच वेळाने तीन कप घेऊन आला. ईशिताचा बिनसाखरेचा होता, बरोबर तिला लागतो तसा. लीड्सबद्दल मात्र तो चकार शब्द बोलला नाही.

पुढेही बोलला नाही. आणि माझं डोकं फिरायची वेळ आली ती यामुळे, की बाकी सगळ्याबद्दल तो बोलत होता! माझ्या दुकानात फोन करायचा. "ताई, मतपत्रिका केवढी असते गं? बोटाला शाई लावतात का?"

"शाई नाही रे. पेन्सिलने फुली मारायची."

"पेन्सिलने? आणि कोणी खोडरबराने पुसली तर?"

"मला काय विचारतोस? कौन्सिलला विचार."

त्याने खरोखर विचारलं. नुसतं विचारलं नाही, पुढच्या वर्षीच्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीसाठी नाव नोंदवायची व्यवस्थाही लावली. मधुमती म्हणाली, "माझंही घाल. मी काय फक्त पोळ्या लाटायला आलेली पाहुणी आहे?" घरात दोन मतं आली, पण पोरीचा निकाल लागेना. विद्यापीठांना कळवायची मुदत आणि निवडणूक एकाच आठवड्यात येऊन ठेपली. मंडळात जो भेटेल तो 'काय बॅरिस्टरीणबाई!' करायचा आणि उदय नुसती मान हलवायचा. ईशिता विचारणार नाही, तो सांगणार नाही. बापलेक दोघंही मूग गिळून. मला मध्ये पडायची इतकी उबळ यायची की जीभ चावून धरावी लागे, पण 'तुझ्या प्रेशरचा नको' असं पोर म्हणाली होती.

"उद्या रात्री मी लॉ पक्का करणार," निवडणुकीच्या दिवशी ईशिता मला फोनवर म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी तिला पहिलं मत द्यायचं होतं. मतदान केंद्र जवळच्याच प्रायमरी शाळेत. मी सकाळी दुकान उघडायच्या आधीच उरकून आले होते, तरी तिच्याबरोबर निघाले. बघते तर उदय रीडिंगहून लवकर आलेला, बूटसुद्धा न काढता दारात उभा.

"मीही येतो. बाहेरून बघायला तर बंदी नाही ना?"

ईशिता एकटी आत गेली. आम्ही फाटकाशी थांबलो. तिथे घडीच्या खुर्चीवर एक म्हातारा गोरा बसला होता, कोटाला पक्षाचं फूल. कोण मत देऊन गेलं ते पक्षाला कळावं म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांना मतदार क्रमांक विचारून तो लिहून घेत होता. उदय मान उंचावून आत काय दिसतंय ते पाहत होता. टेबल दिसत होतं, लाकडी आडोसे दिसत होते. त्याच्याकडे पाहून मला शाळेत नवा आलेला, दारातूनच वर्गात डोकावणारा मुलगा आठवला.

"तुमचं मत देऊन झालं का, सर?" म्हाताऱ्याने इंग्रजीत विचारलं.

"नाही," उदय म्हणाला. "इतकी वर्षं देता येत होतं. मला माहीतच नव्हतं. कोणी सांगितलं नाही."

म्हातारा ओशाळला. "कोणीच कसं सांगितलं नाही?"

"तेच तर." उदयने टाय नीट केला. "माझी मुलगी तेच शोधायला जातेय. लीड्सला. पॉलिटिक्स. चार वर्षांनी तिला विचारा." आणि मग न राहवून त्याने घाईघाईने पुस्ती जोडली, "त्यानंतर लॉ."

ईशिता आतून येऊन त्याच्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा? हा तुमचा येस आहे?"

"मग काय आहे? रस्त्यात उभं राहून परक्या माणसाला सांगितलं, आणखी कसं सांगू?" तो रागावल्यासारखा दिसत होता, पण रागावलेला नव्हता. "मंडळाला मी बघून घेईन. पेढे मी वाटले, निस्तरीनही मीच. आता चल. आणि जाता जाता मला आतलं सगळं नीट सांग. पुढच्या मेमध्ये मी मत द्यायला येईन तेव्हा तू इथे नसशील."

माझ्या डोळ्यांना धार लागली. ईशिताने बाबांचा हात धरला आणि डोळे पुसत पुसत त्याला सांगायला लागली, की आधी टेबलाशी जायचं, मग नाव सांगायचं, मग पत्ता.